उन्हाने आलेले खरखरीत चट्टे आणि फ्लुरोयुरॅसिलचे मलम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्या कातडीवर, विशेषतः कपाळावर, टकलावर, कानाच्या वरच्या कडेवर आणि हाताच्या पाठीवर, छोटे खरखरीत चट्टे येतात. डॉक्टर त्यांना अ‍ॅक्टिनिक केरॅटोसिस म्हणतात आणि त्यावर बहुतेक वेळा ५ टक्के फ्लुरोयुरॅसिलचे मलम लिहून देतात. हे मलम लावल्यावर कातडी आधी बिघडते आणि मग सुधारते. ही गोष्ट आधी नीट समजावलेली नसली की माणूस दुसऱ्या आठवड्यात आरशात पाहून घाबरतो आणि ट्यूब फेकून देतो. असे होऊ नये म्हणून ही सगळी उत्तरे.

हा चट्टा वांगाचा आहे की उन्हाच्या खराबीचा, हे कसे ओळखायचे?

डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळते. डोळे मिटून कपाळावरून बोट हळू फिरवा. पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवल्यासारखे एखाद्या जागी खरखरीत लागले तर संशय घ्यावा. दिसायला तो मोहरीपासून वाटाण्याएवढा असतो. रंग कातडीसारखाच, गुलाबीसर किंवा तपकिरी. वरची खपली नखाने निघते आणि पंधरा दिवसांत त्याच जागी पुन्हा येते.

वांग गुळगुळीत असतो, दोन्ही गालांवर सारखा पसरतो आणि त्याला खपली नसते. नायटा खाजतो, त्याची कड गोल आणि उठावदार असते, मधला भाग साफ होत जातो. वांगावर किंवा नायट्यावर फ्लुरोयुरॅसिल लावले तर उपयोग शून्य आणि कातडी फुकट जळते. म्हणून बोटाला खरखर लागली तरी शेवटचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाचा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे.

आपल्या सावळ्या कातडीला हे होते का?

कमी होते. कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण बरेचसे अडवते. त्यामुळे गोऱ्या देशांत हा रोज दिसणारा आजार आहे, आपल्याकडे तसा नाही. पण कमी होते म्हणजे होतच नाही असे नव्हे. गोरा वर्ण आणि चाळीस वर्षे शेतात काढलेला माणूस, टक्कल पडलेला माणूस, किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या खाणारा रुग्ण, यांनी लक्ष ठेवावे. आणि सगळ्यांत जास्त जपायचे ते सूर्यमुखी माणसांना, म्हणजे ज्यांच्या कातडीत आणि केसांत जन्मापासून रंग नसतो त्यांना. त्यांच्यात असे चट्टे विशी-तिशीतही येऊ शकतात. घरात असे मूल असेल तर दर सहा महिन्यांनी त्याची कातडी तपासून घ्या, ते कुठे दुखते म्हणून सांगेल याची वाट पाहू नका.

हा कॅन्सर आहे का?

नाही. कॅन्सरच्या अलीकडची पायरी आहे. बहुतेक चट्टे वर्षानुवर्षे तसेच राहतात, काही आपोआप जातात आणि थोडे पुढे स्क्वॅमस सेल प्रकारच्या कातडीच्या कॅन्सरमध्ये बदलतात. कोणता बदलेल हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणूनच सगळ्यांवर उपचार करतात.

पण काही चट्टे मलमाचे नसतातच. दाबल्यावर खाली घट्ट गाठ लागते, दुखते, रक्त येते, महिन्या-दोन महिन्यांत भराभर वाढतो, मध्ये जखम होऊन ती महिनाभर भरत नाही, अशा चट्ट्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्याला बायोप्सी म्हणतात. ती सुन्न करून करतात आणि त्याच दिवशी घरी जाता येते. खालच्या ओठावरचा खरखरीत पांढरट चट्टा तर लगेच दाखवा, तंबाखू किंवा बिडीची सवय असेल तर त्याच आठवड्यात. बायोप्सीने रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. मात्र गाठीवर मलम चोळत काढलेले महिने परत मिळत नाहीत.

हे मलम नक्की काय करते?

पेशीला विभागायचे असेल तर नवा डीएनए बनवावा लागतो. त्यासाठी लागणारा एक घटक फ्लुरोयुरॅसिल बनू देत नाही. खराब झालेल्या पेशी निरोगी पेशींपेक्षा भराभर विभागत असतात, म्हणून आधी त्या मरतात. मेलेल्या पेशी शरीर बाहेर टाकते, तेव्हा ती जागा लाल होते, सोलते, खपली धरते.

हे औषध १९५७ पासून कॅन्सरसाठी माहीत आहे. शिरेतून ते घेणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावरचे उन्हाचे चट्टे आधी लालभडक होऊन मग नाहीसे होताना डॉक्टरांना दिसले आणि तिथून ते मलमाच्या रूपात आले.

म्हणजे ही केमोथेरपीच झाली. केस जातील का? उलट्या होतील का?

औषध तेच, पण कातडीतून रक्तात फारच थोडे जाते. केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत. याला एक दुर्मीळ अपवाद आहे. काही माणसांच्या शरीरात हे औषध मोडणारे डीपीडी नावाचे एन्झाइम जन्मतः नसते. अशा माणसाला मलमानेही पहिल्या काही दिवसांत तोंड येणे, जुलाब, ताप, पोटात दुखणे असे होऊ शकते. तसे झाले तर मलम तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

किती आणि कसे लावायचे?

चिठ्ठीत लिहिले असेल तसेच. नेहमीची पद्धत म्हणजे दिवसातून दोनदा, चेहऱ्यावर २ ते ४ आठवडे, हात आणि हाताच्या पाठीवर ४ ते ६ आठवडे किंवा थोडे जास्त. आधी ट्यूबवरची टक्केवारी वाचा. १ टक्का आणि ५ टक्के अशी दोन्ही मलमे मिळतात आणि मेडिकलवाल्याने हाताला येईल ती दिली तर सगळा हिशेब बिघडतो.

जागा साध्या पाण्याने धुवा, पुसताना घासू नका, टॉवेलने टिपा. मग १० मिनिटे थांबा. ओल्या कातडीवर औषध जास्त शिरते आणि आग जास्त होते. मलम कापसाच्या काडीने किंवा हातमोजा घालून लावा. उघड्या बोटाने लावले तर लगेच साबणाने हात धुवा, नखांच्या कडेलाही. तो हात नकळत डोळ्याला लागला तर डोळा दिवसभर चुरचुरतो आणि लाल राहतो.

प्रमाणासाठी बोटाचे माप वापरा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा भागते. पूर्ण कपाळ साधारण एका तळहाताएवढे धरले तर एका वेळी पाव ग्रॅम, दिवसाला अर्धा ग्रॅम, चार आठवड्यांना १४ ग्रॅम. म्हणजे १० ग्रॅमच्या दोन ट्यूब पुरून उरतात. पहिल्याच आठवड्यात एक ट्यूब संपत आली असेल तर थर जाड होतो आहे. जाड थराने चट्टा लवकर जात नाही, फक्त आजूबाजूची चांगली कातडी जास्त सोलते.

एका वेळी ५०० चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठ्या जागेवर लावू नका. साधारण २२ सेंटीमीटर लांब-रुंद चौकोन एवढा होतो. जागा जास्त असेल तर डॉक्टर भाग पाडून देतात, आधी कपाळ, मग टक्कल, मग हात. डोळ्यांच्या पापण्या, नाकपुडीची घडी, ओठांचे कोपरे इथे मलम साचते आणि जखम होते, तेवढी जागा सोडा. वरून पट्टी किंवा प्लास्टिक बांधू नका. रात्रीचे मलम झोपायच्या तासभर आधी लावा, नाही तर अर्धे उशीच्या अभ्र्याला जाते आणि त्याच उशीवर दुसऱ्या दिवशी नातू झोपतो.

चट्टे दोन-तीनच असतील तरी डॉक्टर बऱ्याचदा संपूर्ण कपाळावर लावायला सांगतात. त्याचे कारण असे की शेजारची कातडीही तेवढेच ऊन सोसून बसलेली असते, आणि वरून न दिसणारे चट्टे मलम लावल्यावरच लाल होऊन उघडे पडतात.

कोणत्या आठवड्यात काय दिसेल?

पहिले तीन-चार दिवस काहीच नाही. इथे काही जण मलम बनावट आहे असे समजून दिवसातून चारदा लावू लागतात. तसे करू नका.

पहिला आठवडा संपताना चट्ट्यांच्या जागा उठून दिसतात. पुस्तकांत लाल रंग लिहिलेला असतो, पण सावळ्या कातडीवर तो तांबूस-जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो. त्यामुळे लाली आलीच नाही असा गैरसमज होतो. खाज आणि हलकी चुरचूर सुरू होते. दुसऱ्या आठवड्यात आग होते, सोलते, जागा कच्ची दिसू लागते. दुसऱ्या आठवड्याचा शेवट आणि तिसरा आठवडा सगळ्यांत वाईट. ओलसर जखमा, पिवळसर-तपकिरी खपल्या, घाम लागला की झोंबणे. घरचे म्हणतात, औषध लागलेय, बंद कर. खरे तर औषध आपले काम करते आहे ते इथेच.

कच्चेपणा आणि खपल्या पूर्ण आल्या की डॉक्टर मलम थांबवायला सांगतात. त्यानंतर २ ते ४ आठवड्यांत कातडी भरते. खालून आलेली कातडी आधी नाजूक आणि चकचकीत असते. तिचा रंग सारखा व्हायला आणखी काही महिने जातात.

हाताच्या पाठीवर हे सगळे सावकाश चालते, कारण तिथली कातडी जाड. वर जाड खपली असेल तर डॉक्टर आधी ती मऊ करणारे मलम देतात. सांगितल्याप्रमाणे लावूनही दोन आठवड्यांत चेहऱ्यावर काहीच फरक नसेल, तर निदान पुन्हा तपासायची वेळ आली आहे.

मग घाबरायचे कधी?

पू, दुर्गंध, लालीचा पट्टा मलम न लावलेल्या कातडीत पसरत जाणे, ताप, डोळा सुजून बंद होणे, रात्रभर झोप न येण्याइतकी वेदना. यांपैकी काहीही झाले तर मलम थांबवून दाखवा. नुसती आग आणि खपल्या असतील तर फोनवर डॉक्टरांना विचारून पुढे चालू ठेवा. मोबाइलवर दर तीन दिवसांनी त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवा. शिरपूर किंवा तळोद्याहून दर आठवड्याला जाणे जमत नाही, पण फोटोंवरून डॉक्टरांना बरेच कळते.

आग होते म्हणून हळद, कोरफड किंवा खाजेचे मलम लावले तर?

हळद नको, लिंबू नको, चुना तर मुळीच नको. कच्च्या कातडीवर हे सगळे झोंबते आणि नवी ॲलर्जी उभी राहते. खपलीवर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ सुती फडके १० मिनिटे ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. मलम लावून तास-दोन तास झाल्यावर साधे व्हॅसलीन चालते. खपली उपटू नका.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खाजेच्या आणि गोरेपणाच्या मलमांबद्दल मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. त्यांपैकी बऱ्याच मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. ते लावले की दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश होतो, पण ज्या प्रतिक्रियेने खराब पेशी जायच्या तीच दबून जाते. चट्टा तसाच राहतो आणि वरून कातडी पातळ होते. उपचार संपल्यावर काही दिवस सौम्य स्टेरॉइड डॉक्टर स्वतः देतात, ती वेगळी गोष्ट आहे.

कोणत्या महिन्यात सुरू करावे?

खान्देशात दिवाळी आटोपली की. चार आठवडे मलम, चार आठवडे भरायला, म्हणजे संक्रांतीच्या आसपास चेहरा ताळ्यावर येतो. फेब्रुवारी संपल्यावर चेहऱ्याचा उपचार सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, घामाने मलम डोळ्यांत उतरते आणि कच्ची कातडी भाजून निघते. त्याच महिन्याच्या अखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. किरणांचा मारा तेव्हा सर्वांत जास्त असतो. पण चट्टा गरमीने येत नाही, किरणांनी येतो, म्हणून डिसेंबरच्या गार हवेतही दुपारचे ऊन टाळायचेच.

चट्ट्याखाली गाठ असेल किंवा तो संशयास्पद असेल तर मात्र ऋतू पाहू नका.

कापूस वेचणी आणि केळीची कामे चालू असतात. मलम लावून शेतात जाता येते का?

चेहऱ्यावर उपचार चालू असेल तर सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर, सावली धरून. हाताच्या पाठीवरचा उपचार शेवटची वेचणी झाल्यावरच घ्या. कपाशीच्या वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात. सोललेल्या हाताने दिवसभर वेचणी केली की प्रत्येक ओरखडा चिघळतो. केळीचा चीकही कच्च्या कातडीला लागू देऊ नका.

फवारणी पूर्ण बंद. कातडीचा वरचा थर नसताना कीटकनाशक कितीतरी सहज अंगात शिरते. कातडी पूर्ण भरेपर्यंत हे काम दुसऱ्याकडे सोपवा.

भरिताच्या पार्टीला, चुलीपुढे जाता येईल का?

थंडीत हा प्रश्न येतोच. जेवायला जा, वांगी भाजायला बसू नका. कपाशीच्या काड्यांचा जाळ एकदम उठतो, त्या धगीने कच्च्या कातडीची आग दुप्पट होते. शिवाय व्हॅसलीन आणि बऱ्याच मलमांत पॅराफिन असते. ते मुरलेला रुमाल किंवा पदर चटकन पेट घेतो आणि साध्या धुण्याने ते पूर्ण निघत नाही. रोज चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईने मलम स्वयंपाक उरकल्यावर लावावे.

एक वेळ लावायचे राहून गेले तर?

आठवले की लावा. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दुप्पट लावू नका.

दाढी, साबण, तेल?

दाढी करायची असेल तर मलमाच्या आधी, कच्ची जागा सोडून. साबण सौम्य. डोक्यावर उपचार असेल तर तेल आणि कलप दोन्ही बंद.

कोणी वापरू नये?

गरोदर बाईने नाही, दिवस राहण्याची शक्यता असेल तर नाही, अंगावर पाजणाऱ्या आईने नाही. गर्भाला धोका आहे. सासऱ्यांना किंवा वडिलांना मलम लावून देणारी सून किंवा मुलगी गरोदर असेल तर ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे.

घरात कुत्रा-मांजर आहे. काही काळजी?

फार मोठी. हे मलम चाटल्याने किंवा ट्यूब चावल्याने कुत्री-मांजरे मेल्याची उदाहरणे परदेशात नोंदली गेली आहेत. थोडेसे पोटात गेले तरी झटके येतात. मलम लावलेला हात चाटू देऊ नका. ट्यूब झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा. पत्र्याच्या घरात किंवा मोटारसायकलच्या डिकीत उन्हाळ्यात मलम पातळ होऊन फुटते, तशी ट्यूब वापरू नका. बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नका.

यापेक्षा सोपे दुसरे औषध नाही का?

आहेत. एक-दोनच चट्टे असतील तर द्रवरूप नायट्रोजनने गोठवून काढतात, पाच मिनिटांचे काम, पण सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो. इमिक्विमोड मलम आहे. ३ टक्के डायक्लोफेनॅकचे जेल आहे, ते सौम्य, पण ६० ते ९० दिवस लावावे लागते. गुडघेदुखीचे जेल १ टक्क्याचे असते. नाव सारखे म्हणून ते चट्ट्यावर चोळू नका.

नेदरलँड्समध्ये ६२४ रुग्णांवर चार उपचारांची तुलना झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर चट्टे किमान तीन चतुर्थांश कमी राहिलेले रुग्ण फ्लुरोयुरॅसिलमध्ये सुमारे ७५ टक्के होते, इमिक्विमोडमध्ये सुमारे ५४ टक्के. अमेरिकेत ९३२ माजी सैनिकांवरच्या अभ्यासात चेहऱ्यावर आणि कानांवर २ ते ४ आठवडे हे मलम लावल्यावर पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया लागणारे स्क्वॅमस सेल कॅन्सर ७५ टक्क्यांनी कमी झाले. पुढच्या वर्षांत तो फायदा टिकला नाही. दोन्हीकडचे रुग्ण मुख्यतः गोरे होते, हे लक्षात ठेवून आकडे वाचावेत.

बरे झाल्यावर काळे डाग राहतात का?

आपल्या कातडीवर काही महिने काळपटपणा किंवा फिकटपणा राहतो. बहुतेक वेळा तो हळूहळू जातो. त्यावर लगेच गोरेपणाचे मलम सुरू करू नका. नव्या कातडीला ऊन लागले तर डाग लांबतो, एवढेच पाळा.

चट्टे परत येतात का, आणि ऊन कसे टाळायचे?

येतात, कारण आधीच सोसलेले ऊन पुसता येत नाही. पहिली तपासणी मलम थांबवल्यावर दोन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. एखादाच चट्टा उरला असेल तर त्याची बायोप्सी करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो आणि तो योग्य आहे.

गांधी टोपी डोके झाकते, पण कान, मान आणि नाक उघडेच राहतात, आणि चट्टे नेमके तिथेच येतात. टोपीवरून उपरणे कानांसकट मानेपर्यंत गुंडाळा किंवा चार बोटे रुंद कडेची हॅट घाला. अंगात पूर्ण बाह्यांचा, दाट विणीचा सदरा. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटे भरून, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. उपचार चालू असताना आधी मलम, ते मुरल्यावर तास-दोन तासांनी सनस्क्रीन.

उरलेली ट्यूब शेजाऱ्याला दिली तर चालेल?

नाही. त्याचा चट्टा गाठीचा असू शकतो, घरात गरोदर बाई असू शकते. पुढच्या वेळेसाठी स्वतःकडेही ठेवू नका, उघडलेली ट्यूब मुदतीआधीही खराब होते. उरलेली ट्यूब आणि मलमाच्या कापसाच्या काड्या पिशवीत घट्ट बांधून दवाखान्याच्या औषधी कचऱ्यात द्या. उकिरड्यावर किंवा गोठ्यामागे टाकू नका, तिथे गाई-वासरे तोंड घालतात.